फोटोवरचा तोच तो काळा ठिपका

घरातल्या लग्नाचे फोटो छापून येतात, सगळी मंडळी भोवती गोळा होतात, आणि पहिल्याच फोटोत मांडवावरच्या आभाळात एक करडा ठिपका दिसतो. कुणी म्हणते कावळा असेल, कुणी म्हणते घार असेल. दुसरा फोटो हातात घ्यावा, तर त्यातही घार तिथेच. तिसऱ्या फोटोत ती नवरदेवाच्या फेट्यावर बसलेली असते, चौथ्यात वरमाईच्या कपाळावर. एकच घार अक्षतांपासून पाठवणीपर्यंत एकाच जागी उडत राहील काय? वाचकहो, ती घार नव्हे. कॅमेऱ्याच्या पोटात शिरलेली ती धूळ आहे, आणि तिचा बंदोबस्त कसा करायचा हे आज आपल्याला पाहायचे आहे.

खिशात मावणारे लहान डिजिटल कॅमेरे साधारण २००५ नंतर आपल्याकडे घरोघर आले. कुणाचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्या दिवाळीला घेऊन आला. कुणी उसाचे बिल निघाल्यावर लातूरहून घेतला. कोडॅक, कॅनन, सोनी, निकॉन अशी नावे निरनिराळी, पण घडण बहुतेकांची सारखीच. बटण दाबले की भिंगाची नळी सुर्रकन बाहेर येते, बंद केले की आत जाते. पुढे मोबाइलमध्येच कॅमेरा आला आणि या यंत्राची रवानगी कपाटात झाली. आता गंमत अशी की कॉलेजात जाणारी मुलेमुली तेच जुने कॅमेरे पुन्हा हुडकू लागली आहेत. त्या फोटोंचा रंग त्यांना आवडतो म्हणे! तेव्हा तुमच्या कपाटातलाही कॅमेरा एखाद्या दिवशी बाहेर निघेल. तो निघाला की ठिपकाही निघेल.

धुळीच्या बाबतीत आपला ढोकीचा पट्टा कुणाला हार जाणारा नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची रास सुरू झाली की मळणी यंत्राच्या तोंडातून उडणारा भुसा अर्ध्या शिवारावर पसरतो. त्यानंतर उसाचा हंगाम येतो. ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या लावून ऊस निघाला की कच्च्या रस्त्याचा फुफाटा गुडघ्याएवढा उडतो. चैत्रात तेरला गोरोबाकाकांची यात्रा आणि येरमाळ्याला येडेश्वरीची. त्या दिवसांत ऊनही कडक, वावटळीही उठतात आणि हजारो पावलांनी माती उधळलेली असते. फोटो काढावेसे वाटतात तेही नेमके याच प्रसंगी. पाऊस पडत असताना कॅमेरा कोण बाहेर काढतो? म्हणजे आपल्याकडे कॅमेरा वापरायचा काळ आणि धुळीचा काळ एकच. पुण्या-मुंबईच्या माणसाला ज्या कॅमेऱ्याने पाच-सात वर्षे त्रास दिला नाही, तो आपल्याकडे दोन हंगामांत डागाळला, तर त्यात कॅमेऱ्याचा फारसा दोष नाही.

ठिपका नेमका कुठला?

औषध देण्याआधी रोग ओळखावा लागतो. फोटोवर दिसणारा डाग तीन-चार ठिकाणचा असू शकतो, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

एक सोपी परीक्षा सांगतो. सकाळी आभाळ निरभ्र असताना कॅमेरा सुरू करा. सूर्याकडे पाठ करा. झूम पूर्ण बाहेर ओढा आणि निळ्या आभाळाचा फोटो घ्या. मग कॅमेरा दुसऱ्या दिशेला वळवून आभाळाचाच आणखी एक फोटो घ्या. आता दोन्ही फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकामागून एक पाहा. करडा, कडेला अंधुक झालेला, गोलसर ठिपका दोन्ही फोटोंत चौकटीच्या त्याच जागी असेल, तर धूळ कॅमेऱ्याच्या आत आहे. आता झूम आत घेऊन तिसरा फोटो काढा. ठिपका फिकट झाला किंवा दिसेनासा झाला, तर आणखी खात्री पटली. आभाळ ढगाळ असेल, तर घरातल्या चुना दिलेल्या भिंतीवरही हे करता येते. फक्त भिंतीवर खिळ्याचा डाग नसावा.

एका फोटोत डाग आहे आणि दुसऱ्यात नाही, तर तो बाहेरचाच. तो खरोखर पक्षी असेल, नाही तर समोरच्या वस्तूवरचा डाग. सगळा फोटोच धुरकट, दुधाळ दिसत असेल, दिव्याभोवती तेज पसरलेले दिसत असेल, तर समोरच्या भिंगावर बोटाचा चिकटा बसला आहे, हे बहुधा खरे ठरते. भिंगाच्या समोरच्या काचेवर धुळीचे दोन-चार कण असले तरी ते फोटोत ठिपक्यासारखे उमटत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चष्म्यावर एखादा कण बसला तरी समोरचे झाड आपल्याला स्पष्ट दिसते, तसेच हे आहे. त्यामुळे ठिपका दिसला रे दिसला की समोरची काच घासत सुटण्यात अर्थ नाही. घासून घासून काच ओरखडेल आणि ठिपका तसाच राहील.

रात्रीच्या फोटोतली पांढरी चकंदळे

यात्रेतला रात्रीचा पालखीचा फोटो काढावा आणि त्यात भक्तांच्या डोक्यावर पांढरी, अर्धपारदर्शक गोल चकंदळे तरंगताना दिसावीत, हा अनुभव पुष्कळांना आलेला असेल. यावर गावोगाव चर्चा रंगतात. कुणी त्यात देवीचा अंश पाहतो, कुणी पितर पाहतो, कुणाला भूत दिसते आणि मग अंगारे-धुपारे सुरू होतात. प्रकार अगदी साधा आहे. लहान कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटून असतो. बटण दाबले की त्याचा उजेड आधी भिंगापुढे वीतभर अंतरावर तरंगणाऱ्या धुळीच्या कणांवर पडतो आणि ते कण झळाळून उठतात. ते इतके जवळ असतात की कॅमेऱ्याला स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून पसरट गोल दिसतात. पावसाचे थेंब आणि धुके हेही तेच करतात. फोटोग्राफरच्या मोठ्या कॅमेऱ्यावर फ्लॅश भिंगापासून दूर, उंचावर असतो. त्यामुळे त्याच्या फोटोत ही मंडळी सहसा येत नाहीत.

उपाय एवढाच. फ्लॅश बंद करा आणि मांडवाच्या दिव्यांवर फोटो घ्या. उजेड कमी पडला, तर शेजारच्या माणसाला टॉर्च घेऊन चार पावले बाजूला उभे करा. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा आहे, पण कॅमेऱ्यातल्या चकंदळ्यावरून कुणी कोंबडे मागू लागला, तर त्याच्यासमोर अंगणात मूठभर माती उधळून फ्लॅशने एक फोटो काढा आणि त्याला दाखवा.

आत काय घडते

जुन्या आग्फा क्लिक थ्रीच्या कॅमेऱ्यात, किंवा पुढे आलेल्या रिळाच्या कॅमेऱ्यांत, हा एकाच जागचा ठिपका फारसा ऐकिवात नव्हता. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. रीळ पुढे सरकले की दर फोटोला नवी कोरी फिल्म समोर येते. एखादा कण फिल्मवर बसलाच, तर तो तिच्याबरोबर पुढे निघून जातो. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी एक चिप असते. तिला सेन्सर म्हणतात. प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र टिपणारी ही चिप १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी शोधली. त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळायला २००९ साल उजाडले. कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते, आणि एक काळापांढरा फोटो टेपच्या कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. ते चित्र होते अवघ्या दहा हजार बिंदूंचे. तुमच्या कपाटातल्या कॅमेऱ्याचे चित्र एक कोटी किंवा त्याहून अधिक बिंदूंचे असते. पण चिप एकदा बसवली ती बसवली. पहिला फोटो तीच काढते आणि दहा हजारावा फोटोही तीच काढते. तिच्यावरच्या काचेवर एक कण बसला की तो प्रत्येक फोटोत हजेरी लावणार.

दुसरी गोष्ट आकाराची. बहुतेक लहान कॅमेऱ्यांतली ही चिप साधारण सव्वासहा मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असते, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आपण फोटो छापून घेतो तो सहा इंच लांबीचा. म्हणजे चिपवरचे चित्र जवळजवळ पंचवीस पट मोठे करून कागदावर उतरते. आता हिशेब करा. डोळ्याला जेमतेम दिसेल असा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण चिपवर बसला, तर कागदावर तो अडीच मिलिमीटरचा होतो, मोहरीच्या दाण्याहून मोठा. रिळाची फिल्म ३६ मिलिमीटर लांब असे. तोच कण तिच्यावर असता, तर कागदावर अर्ध्या मिलिमीटरचाही झाला नसता. कॅमेरा लहान झाला आणि धूळ आपोआप मोठी झाली!

झूम ओढल्यावर ठिपका गडद का होतो, हेही सांगायला हवे. धूळ खुद्द चिपवर नसते. चिपवर झाकणासारखी बारीक काच असते, तिच्यावर असते. फोटोत दिसते ती त्या कणाची सावली. ढगाळ दिवशी चहूकडून उजेड येतो तेव्हा अंगणात रोवलेल्या काठीची सावली अंधुक पडते. कडक उन्हात उजेड एकाच बाजूने येतो तेव्हा ती ठसठशीत पडते. कॅमेऱ्यातही तसेच होते. झूम आत असताना प्रकाश ऐसपैस वाटेने चिपवर येतो आणि सावली विरून जाते. झूम बाहेर काढला की प्रकाशाची वाट अरुंद होते आणि सावली उठून दिसते. म्हणून लग्नात जवळून घेतलेल्या फोटोत डाग सापडत नाही, आणि पाखरू टिपायला किंवा दूरच्या बैलजोडीचा फोटो घ्यायला झूम ओढला की दत्त म्हणून हजर होतो. जाता जाता आणखी एक. भिंग चित्र उलटे करून चिपवर पाडते. फोटोत ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात दिसला, तर आत तो त्याच्या अगदी समोरच्या, खालच्या कोपऱ्याशी असतो.

धूळ आत जाते कशी?

लोहाराचा भाता तुम्ही पाहिलेला असेल. भाता उघडला की हवा ओढतो, दाबला की सोडतो. झूमची नळी हुबेहूब तेच करते. नळी बाहेर आली की कॅमेऱ्याच्या पोटातली जागा वाढते आणि फटींतून बाहेरची हवा आत खेचली जाते. त्या हवेबरोबर जे असेल तेही आत जाते. मळणी चालू असताना खळ्यावर दहा वेळा झूम आतबाहेर केला, तर दहा वेळा भाता ओढल्यासारखेच झाले. मोठ्या, भिंग सुटे करता येणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंग काढून आत फुंकणीने साफसफाई करता येते. लहान कॅमेरा मात्र बंद डब्यासारखा असतो. त्यात गेलेली धूळ काढायला मालकाला दार ठेवलेले नाही.

दुसरा रस्ता खिशाचा. आपल्याकडच्या पुरुषमंडळींच्या सदऱ्याच्या खिशात काय काय नांदते, हे बायकांना धुण्याच्या दिवशी कळते. सुती धाग्यांचा बोळा, बियाण्याच्या पिशवीतली रंगीत भुकटी, तंबाखूचा चुरा आणि चुन्याची डबी. कॅमेरा त्याच खिशात घातला की नळीच्या फटीत हे सगळे भरते, आणि बटण दाबताच नळीबरोबर आतबाहेर करू लागते. चुना तर विशेष वाईट. भिंगाच्या काचेवर अगदी पातळ रंगीत लेप असतो, त्याला तो खातो. तेव्हा तंबाखूचा खिसा आणि कॅमेऱ्याचा खिसा वेगळा ठेवा. तंबाखूच सोडा असे सांगायला हा लेख नाही, पण वहिनींनी ही संधी साधली तर आमची हरकत नाही.

पिकाचा फोटो आणि खोटा रोग

लग्नाच्या फोटोतला ठिपका हसण्यावारी नेता येतो. पिकाच्या फोटोतला मात्र खिशाला चाट लावू शकतो.

सोयाबीनचे किंवा तुरीचे पान डागाळलेले दिसले की हल्ली आपण त्याचा फोटो काढतो आणि कृषी सहायकाला, कृषी विज्ञान केंद्राला, नाही तर औषधाच्या दुकानदाराला पाठवतो. समोरचा माणूस पान पाहत नाही, फोटो पाहतो. फोटोतल्या चार डागांपैकी दोन कॅमेऱ्याचे असतील, तर त्याला ते कसे कळावे? तो बुरशीनाशक लिहून देईल. औषधाचे पैसे, फवारणीची मजुरी आणि एक दिवस, असा सगळा खर्च कॅमेऱ्यातल्या धुळीपायी होईल. उलटही घडू शकते. खरा तांबेरा सुरू झालेला असतो, आणि फोटो खराब आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

यावर युक्ती सोपी आहे. पानाचा एक फोटो नेहमीसारखा घ्या. दुसरा फोटो घेताना कॅमेरा उलटा धरा, वरची बाजू खाली. पान जागचे हलवू नका. पानावरचा खरा डाग पानावर त्याच जागी राहील, शिरेच्या ज्या बाजूला होता त्याच बाजूला. कॅमेऱ्यातला ठिपका मात्र पानाच्या दुसऱ्याच भागावर सरकलेला दिसेल, कदाचित पान सोडून मातीवर गेलेला असेल. दोन्ही फोटो पाठवा आणि तसे कळवा. शिवाय पानाच्या डागाला रंग असतो, कडा असते, काहींना पिवळे वलय असते. धुळीचा ठिपका नुसता करडा आणि कडेला विरघळलेला असतो. पानाच्या कडेवर तो अर्धा पानावर आणि अर्धा बाहेर असाही बसतो, तसे कोणताही रोग करत नाही. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे फोटोबरोबर एक ताजे पान कागदात गुंडाळून स्वतःच घेऊन जा.

ई-पीक पाहणी आपण मोबाइलवरून करतो. बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्याला बाहेर येणारी नळी नसते. त्यामुळे त्याच्या आत धूळ सहसा जात नाही, पण वरच्या काचेवर घाम आणि माती बसते. फोटो घेण्याआधी ती काच पुसली की काम झाले.

काय करावे, काय करू नये

आधी बाहेरची सफाई. औषधाच्या दुकानात कान धुण्यासाठी रबरी फुगा मिळतो. नवा, कोरडा फुगा आणा आणि तो कॅमेऱ्यासाठीच ठेवा. कॅमेरा सुरू करून नळी बाहेर आली की भिंग जमिनीकडे करा आणि नळीभोवतीच्या फटीवरून, काचेवरून फुग्याने वारा मारा, म्हणजे सुटी धूळ खाली पडेल. तोंडाने फुंकू नका, त्यात थुंकीचे तुषार असतात. मग मऊ, कोरड्या कुंचल्याने नळीची कड झटका. काचेवर बोटाचा ठसा असेल तरच तिच्यावर हलका श्वास सोडून चष्म्याच्या डबीतल्या मऊ फडक्याने मधून कडेकडे गोल पुसा. फडके धुतलेले असावे. पदर, धोतराचा सोगा किंवा गळ्यातला गमछा नको. त्यात मातीचे कण असतात आणि ते काचेला कानशीसारखे घासतात. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांतले काहीही काचेला लावू नका.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा वारा मारून कॅमेरा साफ करणारे बहाद्दर असतात. तसे मुळीच करू नका. त्या वाऱ्यात तेल आणि पाणी असते, आणि जोर एवढा असतो की बाहेरची धूळही आत जाऊन बसते. काही लोक घरातल्या व्हॅक्यूम क्लिनरचे तोंड भिंगाभोवती धरून धूळ बाहेर ओढतात. कधी कधी त्याने ठिपका हलतो हे खरे, पण कधी नळीच वाकडी होते, आणि कधी ठिपका कडेला होता तो मधोमध येतो. कॅमेरा एरवी टाकूनच द्यायचा असेल, तर हा प्रयोग करा. चालू स्थितीतल्या चांगल्या कॅमेऱ्यावर करू नये असे आमचे मत आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. घरात बारीक स्क्रू-पाना असला की आपला हात शिवशिवतो. ज्याने मोटर उघडली, स्टार्टर उघडला, त्याला एवढासा कॅमेरा काय जड? पण सावध. फ्लॅशसाठी कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो. त्यात सुमारे तीनशे व्होल्टचा दाब साठलेला असतो. बॅटरी काढून ठेवली तरी तो पुष्कळ वेळ टिकून राहतो. कॅमेरा उघडून बोट त्यावर पडले, तर जबर झटका बसतो. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाने तर या फंदात पडूच नये. पोरांना खेळायला म्हणून उघडा कॅमेरा कधीही देऊ नका.

आतली धूळ काढायची तर ती दुरुस्तीवाल्यानेच. सोलापूर, पुणे अशा मोठ्या गावी कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर आहेत. देण्याआधी खर्च विचारा आणि तो कागदावर लिहून घ्या. जुन्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग पुष्कळदा मिळत नाहीत. सफाईचा खर्च तशाच जुन्या कॅमेऱ्याच्या बाजारातल्या किमतीहून जास्त होत असेल, तर हात जोडून परत या. कॅमेरा देताना मेमरी कार्ड काढून घरी ठेवा, आणि त्यातले फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. कॅमेरा गेला तर दुसरा मिळतो, बारशाचे फोटो मिळत नाहीत.

ठिपक्यासकट दिवस काढणेही जमते. आपला ठिपका चौकटीत कुठे आहे ते एकदा परीक्षेने पाहून ठेवा. मग फोटो घेताना त्या कोपऱ्यात आभाळ येऊ देऊ नका. तिथे झाडाची पाने, उभे पीक, माणसांची गर्दी येईल असे उभे राहा. अशा दाट चित्रात तो हरवून जातो. झूम ओढण्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे व्हा. ठिपका अगदी कडेला असेल, तर थोडी जागा जास्त घेऊन फोटो काढा आणि छापताना ती कड कापून टाका.

आजीच्या कपाळावरचे गोंदण

काढलेल्या फोटोवरचा ठिपका मोबाइलवर किंवा स्टुडिओतल्या संगणकावर पुसता येतो. स्नॅपसीडसारखी फुकट मिळणारी ॲप आहेत. त्यात ठिपक्यावर बोट फिरवले की ॲप शेजारचा रंग उचलून तिथे लावते. आभाळातला ठिपका क्षणात नाहीसा होतो. फोटो आधी बोटांनी ताणून मोठा करा आणि मगच बोट लावा, म्हणजे नेमके तेवढेच पुसले जाईल. मूळ फोटो तसाच ठेवून काम त्याच्या नकलेवर करा.

चेहऱ्यावर मात्र हे हत्यार जपून चालवावे. घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचा एकच फोटो असतो. त्याची मोठी प्रत भिंतीवर लावायची म्हणून तो स्टुडिओत दिला जातो. तिथला पोरगा सफाईदार असतो. तो धुळीचे डाग पुसतो, आणि त्याच हाताने आजीच्या कपाळावरचे गोंदण आणि हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपकेही पुसून टाकतो. त्याला तेही डागच वाटतात. आजोबांच्या गालावरचा तीळ, देवीच्या आजाराचे वण, तेही जातात. फोटो स्वच्छ येतो, पण त्यातली म्हातारी परकी वाटते. नातवंडांनी ते गोंदण पाहिलेले नसते, त्यामुळे त्यांना काही खटकतही नाही. म्हणून फोटो देतानाच कागदावर लिहून द्या: हे गोंदण आहे, हा तीळ आहे, याला हात लावू नये. काम पाहायला घरातल्या जाणत्या बाईला बरोबर न्या. मोबाइलमधली चेहरा गुळगुळीत करणारी सोयही असेच करते. ती बंद ठेवलेली बरी.

आणखी एका जागी ठिपका मुळीच पुसू नये. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टीने काय दशा केली, ते सांगायला नको. भूम-परंड्याकडची तर गावेच्या गावे पाण्याने वेढली होती. खरवडलेली जमीन, पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरे यांचे फोटो पुराव्यासाठी लागतात. असा फोटो नुकसानीसाठी, बांधाच्या वादासाठी किंवा पोलिसांत द्यायचा असेल, तर त्यावरचा धुळीचा ठिपका आहे तसा राहू द्या. ठिपक्याने पुरावा बिघडत नाही. पण फोटोवर हात फिरवला आहे असे दिसले, की समोरचा माणूस इतर गोष्टींवरही शंका घेतो. मूळ फोटो कार्डावरून खोडू नका. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्यातली तारीख बघा. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की या कॅमेऱ्यांची तारीख पुसली जाते, आणि मग यंदाच्या पुराच्या फोटोवर वीस वर्षांपूर्वीचा १ जानेवारी छापून येतो. तसल्या तारखेचा घोळ निस्तरणे हे ठिपक्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

ठेवायचा कसा

कॅमेरा दाबपट्टीच्या स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घाला आणि ती पिशवी कापडी खोळीत ठेवा. खोळ दर दोन-तीन महिन्यांनी उलटी करून झटका. नव्या चपलांच्या खोक्यात ओलावा शोषणारी पांढऱ्या दाण्यांची पुडी येते, ती फेकू नका, कॅमेऱ्याजवळ ठेवा, पण लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळ्यात ती उपयोगी पडते, कारण दमटपणाने भिंगावर बुरशी धरते आणि ती धुळीहून चिवट असते. कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची चाल काही घरांत आहे. तांदळाला भुकटी असते, तीच फटीत जाते. महिनोन् महिने वापर नसेल, तर बॅटरी काढून वेगळी ठेवा. खळ्यावर किंवा यात्रेत फोटो काढायचेच असतील, तर वाऱ्याकडे पाठ करा, कॅमेरा एकदाच सुरू करा, हवे तेवढे फोटो घ्या आणि बंद करून लगेच पिशवीत टाका.

मुलांच्या हट्टापायी कुणी जुना कॅमेरा विकत घेणार असेल, तर दुकानातून चार पावले बाहेर उघड्यावर या. झूम पूर्ण ओढून आभाळाचे दोन फोटो घ्या आणि तिथेच पडद्यावर मोठे करून पाहा. नळी बाहेर येताना करकर आवाज करते काय, तेही ऐका. विकणारा फोटो काढू द्यायला तयार नसेल, तर पुढच्या दुकानी जा. ठिपका कडेला एखादाच असेल आणि बाकी कॅमेरा धडधाकट असेल, तर तो त्याला दाखवा आणि किंमत उतरवून मागा.